गॅस जातो कुठे? एका जुन्या हॅचबॅकच्या एसीच्या नोंदी

11 मार्च 2024, सोमवार

मी शिकवतो त्या संस्थेतल्या एका सहकाऱ्यांची जुनी हॅचबॅक आज कार्यशाळेत आली. त्यांची तक्रार एवढीच, "दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो, आणि मे निम्मा होत नाही तोच पुन्हा गरम हवा." नागपुरात दर तिसऱ्या गाडीवाल्याकडून हे ऐकायला मिळतं.

मोटर मेकॅनिक ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून हा एसी पूर्ण करून घ्यायचा आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची, असं ठरवलं आहे. परीक्षा झाली की ही मुलं गॅरेजमध्ये कामाला लागतील. "गॅस संपला, भरून देतो" हे वाक्य त्यांच्या तोंडी बसण्याआधी गॅस जातो कुठे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने शोधलेलं असावं, ही माझी इच्छा.

बोनेट उघडायच्या आधीच एकाने निदान सांगून टाकलं, "सर, गॅस संपला असन."
"संपला तर गेला कुठं?"
"चालून चालून संपते ना सर."

इथूनच सुरुवात करायला हवी होती. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. जुन्या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षांत रबरी होजमधून आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून तो अगदी थोडा झिरपतो, हे खरं. पण एका वर्षात थंडावा जावा इतका कमी झाला, तर त्याला बाहेर पडायला वाट मिळालेली असते. ती वाट बंद न करता गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं.

14 मार्च

मॅनिफोल्ड गेज लावले, म्हणजे यंत्रणेच्या कमी दाबाच्या (लो साइड) आणि जास्त दाबाच्या (हाय साइड) बाजूंचा दाब दाखवणारे दोन काटे. बाहेर 34 अंश. इंजिन बंद असताना दोन्ही काटे 65 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक).

इथे थोडं थांबून शिकवावं लागलं, कारण हा आकडा फार बोलका आहे. या गाडीत आर-134ए गॅस आहे. यंत्रणेत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तर बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो आणि 34 अंशांना तो 110 पीएसआयच्या आसपास असायला हवा. तिथे गॅस 200 ग्रॅम आहे की 400, याने फरक पडत नाही. म्हणजे 110 दिसले तर गॅस पुरेसा आहे असं म्हणता येत नाही, पण 65 दिसले तर द्रव उरलेलाच नाही, हे नक्की सांगता येतं.

गाडी चालू केली. लो साइडचा काटा झपाट्याने खाली, प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर तोडला, दाब चढला, कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच पुन्हा टक् करून लागला. काही सेकंदांनी पुन्हा तेच. क्लचचा असा सारखा आवाज आला की मुलांनी कान टवकारावेत.

उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घेतला. त्याचं वजन भरलं 80 ग्रॅमच्या आसपास. बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय 430 ग्रॅम. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम हवेत गेला.

फळ्यावर हिशेब मांडला. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही. म्हणून तर जुना आर-12 गॅस जाऊन तो आला. पण हवा तापवण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट भारी आहे. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड, छोट्या पेट्रोल गाडीच्या चार हजार किलोमीटरच्या धुराइतका. युरोपात 2017 पासून नव्या मोटारींमध्ये हा गॅस भरायला बंदी आहे आणि तिथे आर-1234वायएफ वापरतात. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या अजून 134ए वरच आहेत. व्हॉल्व्ह दाबून गॅस "उडवून" देताना मुलांनी बाहेर पाहिलं आहे. आमच्या कार्यशाळेत ते चालणार नाही. मशीनला वीस मिनिटं लागतात, ती द्यायची.

18 मार्च

गळतीचा शोध. यंत्रणेत कोरडा नायट्रोजन 150 पीएसआयपर्यंत भरला. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची साधी हवा भरायची नाही, हे दोनदा बजावलं. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो, आणि साध्या हवेसोबत पाणी आत जातं.

साबणाचं पाणी हातात द्यायच्या आधी मुलांना टॉर्च देऊन नुसतं बघायला लावलं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेल ओलावतं आणि त्यावर धूळ बसून काळा डाग पडतो. पाच मिनिटांत एकाला कंडेन्सरच्या (रेडिएटरसमोरची जाळी, जिथे गॅस उष्णता बाहेर सोडतो) खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला डाग सापडला. साबण लावताच बारीक बुडबुडे आले. पहिल्या दिवशी "चालून चालून संपते" म्हणणारा मुलगा बराच वेळ ते बुडबुडे बघत बसला होता.

ॲल्युमिनियम आतून खंगलं आहे. तिथे वेल्डिंग किंवा एम-सील टिकत नाही. नवा कंडेन्सर, नवा ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषून घेणारा भाग), उघडलेल्या प्रत्येक सांध्याला नवी ओ-रिंग (रबरी कडं). सहकाऱ्यांना खर्च सांगितला. त्यांनी वहीत मागच्या काही उन्हाळ्यांचा गॅसचा खर्च जोडून पाहिला आणि लगेच हो म्हणाले.

कंडेन्सर काढल्यावर मागे आणखी एक गोष्ट दिसली. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती, पिसं, कडुनिंबाचा पाला यांचा घट्ट थर. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ वाटत होती.

22 मार्च

आजचा तास मुख्यतः एका प्रश्नात गेला. मागच्या बाकावरून आला. "सर, मे महिन्यात बाहेरची हवा 45 अंश. ती हवा जाळीवरून जाऊन गॅस थंड कसा करन?"

इतका चांगला प्रश्न या वर्षात कुणी विचारला नव्हता. कारण एसीचं सगळं मर्म त्यातच आहे.

एसी थंडी तयार करत नाही. गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचं काम डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये होतं. तिथे दाब कमी, 35 पीएसआयच्या आसपास. एवढ्या दाबाला आर-134ए चार अंशांनाच उकळतो. ब्लोअर गाडीतली गरम हवा कॉइलवरून फेकतो, ती उष्णता घेऊन गॅस उकळतो आणि हवा थंड होते. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. फरक एवढाच की माठाची वाफ उडून जाते, इथे ती परत पकडायची असते.

पकडायची कशी? कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो आणि 240 पीएसआयच्या घरात दाबतो. या दाबाला तोच गॅस 62 अंशांना द्रव होतो. म्हणजे कंडेन्सरमधला गॅस 62 अंशांवर आणि बाहेरची हवा 45 वर. 62 वरून 45 कडे उष्णता आपोआप जाते. कॉम्प्रेसर उष्णता नष्ट करत नाही, तिला बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त तापवतो, म्हणजे ऊनच तिला घेऊन जाईल. पुढे द्रव ड्रायरमधून जातो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून एकदम कमी दाबात पडतो, थंड होतो आणि फेरा पुन्हा सुरू.

मुलांकडून हे फळ्यावर काढून घेतलं आणि मग कंडेन्सरमागून निघालेला मातीचा थर टेबलावर ठेवला. 62 आणि 45 मध्ये अंतर फक्त 17 अंशांचं. त्यात ही माती आडवी आली की गॅसला द्रव होण्यासाठी 70, 75 अंशांवर जावं लागतं. दाब वाढतो, कॉम्प्रेसर कण्हतो, पेट्रोल जास्त जातं आणि आत हवा कोमट. पुण्यात खपून जाणारी घाण नागपुरात खपत नाही, ती याचमुळे.

2 एप्रिल

नवे भाग बसले. व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला. गेजवर साडेअठ्ठावीस इंचांच्या जवळ काटा थांबला. पुस्तकात 29 लिहिलंय म्हणून मुलं अस्वस्थ. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे. इथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे काटाही तेवढाच कमी जाणार. पंप चांगला आहे.

व्हॅक्यूम फक्त हवा काढण्यासाठी नसतो. आतलं पाणी उकळवून बाहेर काढायचं असतं. 35 अंशांना पाणी उकळायला दाब 56 मिलिबारच्या खाली न्यावा लागतो. हे पाणी राहिलं तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या भोकात बर्फ होऊन अडतं, आणि तेलात मिसळून आम्ल तयार करतं. दहा मिनिटांत "व्हॅक्यूम झाला" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

पंप बंद करून अर्धा तास काटा हलला नाही. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून 430 ग्रॅम. अंदाजाने नाही, "हाताला पाइप गार लागला" म्हणूनही नाही. गॅस जास्त झाला तर कंडेन्सर द्रवाने भरतो, वाफेला थंड व्हायला जागा उरत नाही आणि एसी कमीच थंड करतो. "जरा जास्तच भर" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे शांतपणे समजावता आलं पाहिजे.

भरताना चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. हा गॅस उघड्यावर उणे 26 अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

4 एप्रिल

बाहेर 39. इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर ठेवलं तर व्हेंटमधून 9 अंशांची हवा. पण फेऱ्या कमी करून गाडी उभी ठेवली की हाय साइडचा दाब चढत चढत 320 पीएसआयच्या पुढे आणि हवा 17 अंशांची.

एका मुलाला कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू ओतायला लावलं. काटा लगेच 230 वर आला, हवा गार. म्हणजे गॅस बरोबर, कॉम्प्रेसर बरोबर, उष्णता बाहेर जात नाही. पंख्याकडे पाहिलं तर एसी चालू असूनही तो कमी वेगाचा फिरतच नव्हता, फक्त इंजिन तापल्यावर जास्त वेगाचा लागत होता. पंख्याला वीज देणारा रिले जळलेला. साध्या रिलेचं काम.

सिग्नलला गरम आणि वर्धा रोडला लागलं की गार, अशी तक्रार आली तर आधी पंखा आणि जाळी पाहायची, गॅसला हात लावायचा नाही. हे मुलांनी वहीत चौकटीत लिहून घेतलं.

रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्याही गळून पडल्या होत्या. त्या नसल्या की पंख्याने फेकलेली गरम हवा कडेने वळून पुन्हा जाळीसमोर येते. नव्या लावल्या. वीस-तीस रुपयांचा फोम, पण गॅरेजमध्ये कुणी परत लावत नाही.

12 एप्रिल

ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काळा ठिक्कर होता. बदलला. कूलिंग कॉइलचा ड्रेन पाइप तुंबलेला होता, म्हणून मालकांच्या शेजारच्या सीटखाली चटई ओली व्हायची. साफ केला. आता गाडीखाली पाणी ठिबकतं. ते ठिबकायलाच हवं, कॉइलवर हवेतली वाफ जमून ते झालेलं असतं.

25 मे, शनिवार. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू

महिनाभर गाडी मालकांनी वापरली, एसी ठणठणीत आहे. आता दुसरा भाग: चांगला एसी नीट कसा वापरायचा, ते मोजून पाहणं. यासाठी नवतपाचीच वाट पाहिली होती.

गाडी मैदानात काचा बंद करून अकरा ते दोन उन्हात. छातीच्या उंचीवर सावलीत टांगलेला थर्मामीटर: आतली हवा 61 अंश. डॅशबोर्डचा वरचा भाग 78. सीटबेल्टचं लोखंडी बक्कल हाताला लावता येईना. आत शिरून लगेच एसी लावायचा आणि काचा बंद ठेवायच्या, ही सर्वांची सवय. तसं केल्यावर हवा 30 अंशांपर्यंत यायला 14 मिनिटं लागली.

गाडी पुन्हा तशीच तापवली. या वेळी चारही दारं उघडली, काचा खाली केल्या, एसी लावून मैदानात एक फेरी मारली आणि मग काचा बंद केल्या. 30 अंशांना 9 मिनिटं लागली. बाहेर 44 असले तरी आतल्या 61 पेक्षा ते थंडच. 61 ची हवा एसीने थंड करत बसण्यापेक्षा ती खिडकीतून घालवून देणं केव्हाही स्वस्त. समोरच्या काचेवर आतून चांदीचा पडदा आणि झाडाची सावली मिळाली तर आतलं तापमान 47 वरच थांबलं.

काचा बंद झाल्यावर आतली हवा फिरवण्याचं बटण दाबायचं. बाहेरची हवा घेतली तर कॉइलला प्रत्येक वेळी 44 ची हवा थंड करावी लागते, आतली घेतली तर 28 ची. पण चौघं बसून लांबच्या रस्त्याला निघाले असतील तर बटण कायम दाबलेलं ठेवू नये. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, चालकाला पेंग येते. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर ती पेंग जीवघेणी आहे. अर्ध्या तासाने दोन मिनिटं बाहेरची हवा घ्यावी.

अशा साध्या एसीत फार गार झालं म्हणून बरेच जण तापमानाचा नॉब लाल भागाकडे फिरवतात. या गाडीत त्याने कॉम्प्रेसरचं काम कमी होत नाही. आधी थंड केलेली हवा हीटरवरून नेऊन पुन्हा तापवली जाते. त्यापेक्षा ब्लोअरचा वेग कमी करावा. कॉइल लवकर थंड होते, तिच्यावरचा सेन्सर तीन-चार अंशांना कॉम्प्रेसर तोडतो आणि पेट्रोल खरोखर वाचतं. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर 24-25 वर ठेवून द्यावं. 18 वर ठेवल्याने गाडी लवकर गार होत नाही.

आणि एक गोष्ट मुलांना फार गांभीर्याने सांगितली. लेकरू झोपलंय म्हणून "दोन मिनिटांत येतो" असं सांगून त्याला बंद गाडीत ठेवायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहा अंशांनी चढतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. तसंच, बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो.

3 जून

गेल्या गुरुवारी रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली आणि सगळ्या मोबाइलवर ती फिरली. हवामान विभागाने ती मान्य केली नाही, संवेदकातच बिघाड असल्याचं सांगितलं. शहरातल्या इतर ठिकाणी तापमान 44-45 च्या घरात होतं. मुलांसाठी हा आयता धडा झाला. व्हेंटचं तापमान मोजताना थर्मामीटरवर ऊन पडू देऊ नका, असं मी सारखं का म्हणत होतो, ते आता पुन्हा सांगावं लागलं नाही.

दोन मुलांचे वडील ट्रक चालवतात. त्यातला एक म्हणाला, बाबा बुटीबोरीहून माल घेऊन निघतात तेव्हा इंजिनाची धग पायाशी आणि वरून ऊन, ओला गमछा डोक्याला बांधून गाडी हाणतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक करणारी अधिसूचना गेल्या डिसेंबरमध्ये निघाली आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं. आणि ते एसी दुरुस्त करायला या मुलांसारखी माणसं लागतील, धूळ खाणाऱ्या रस्त्यांवर, मोठ्या जाळ्या, मोठे पंखे. पुढच्या तुकडीच्या अभ्यासात ट्रकच्या केबिनचा एसी घ्यावा, असा अर्ज आज प्राचार्यांकडे दिला.

26 जून

पाऊस. मालक सकाळी गाडी घेऊन आले, "काचेवर वाफ धरते, एसी बंद केला तरी जात नाही." एसी बंद केला म्हणूनच जात नाही. काचेवर आतून धरणारी वाफ म्हणजे ओल्या कपड्यांची, श्वासाची, चटईची. एसी हवा कोरडी करतो. एसी चालू, बाहेरची हवा चालू, झोत समोरच्या काचेवर, आणि पाहिजे तर नॉब थोडा गरमकडे. दोन मिनिटांत काच मोकळी. मे महिन्यात ज्या नॉबला हात लावू नका म्हटलं, तोच पावसात उपयोगी पडतो.

काचेच्या बाहेरून वाफ धरली तर उलटं. काच फार थंड झालेली असते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते. वायपर फिरवावा आणि झोत काचेवरून काढावा. मुंबई-कोकणात हे नेहमीचं, आपल्याकडे जुलैतल्या पावसाळी रात्री कधीतरी होतं.

जाता जाता गेज लावून पाहिले. दाब एप्रिलमध्ये होते तसेच.

कार्यशाळेच्या जॉब कार्डात एसीच्या रकान्यात आजवर "गॅस भरला: हो/नाही" एवढंच छापलेलं होतं. मुलांनी नवा मसुदा करून आणला: काढलेल्या गॅसचं वजन, गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ धरला, भरलेल्या गॅसचं वजन, पंखा दोन्ही वेगांना फिरतो का. छपाईला दिला आहे.